पुसलेली पाटी आणि सातबाऱ्यावरचा कंस

ऐन रिटर्नांच्या हंगामात ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. साताऱ्यात लोकांची इन्कमटॅक्सची रिटर्नं भरून देते. मोठी फर्म वगैरे काही नाही. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि वीस-बावीस वर्षांत जमवलेला लोकांचा विश्वास, एवढंच भांडवल.

"अरे, लॅपटॉप सुरूच होत नाहीये. दुकानात नेला तर तो म्हणतो एसएसडी गेली."

बॅकअप होता, पंधरा दिवसांपूर्वीचा. म्हणजे मधल्या पंधरा दिवसांचं काम पुन्हा करावं लागणार होतं, पण आभाळ कोसळलं नव्हतं. डिस्क तीन वर्षांची, वॉरंटी पाच वर्षांची. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डिस्क द्या, कंपनीला पाठवतो, महिन्याभरात बदलून येईल." ताईने विचारलं, "आणि त्यात जे आहे त्याचं काय?" त्यावर तो हसला म्हणे. "मेलेल्या डिस्कमधून काय निघणार मॅडम?"

ताईला ते पटलं नाही, म्हणून मला फोन. "तू सांग. देऊ का?"

आणि मी गप्प बसलो. कारण तीन वर्षांपूर्वी ही डिस्क मीच बसवून दिली होती. तेव्हा तिने विचारलंही होतं, "हे बिटलॉकर का काय ते चालू करायचं का रे?" आणि मी मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं होतं, "राहू दे ताई. एसएसडीला एन्क्रिप्शन लावू नये. स्लो होते आणि झिजते."

आजचं हे लिखाण म्हणजे त्या वाक्याचं जाहीर माघार-पत्र समजा. आणि हे वाक्य अजूनही जे जे लोक छातीठोकपणे इतरांना सांगत असतात, त्यांच्याशी भांडणही.

त्या डिस्कमध्ये काय होतं ते आधी सांगतो. साधारण दीडशे घरांची पॅनकार्डं, आधारची स्कॅन, बँकेची पासबुकं, फॉर्म सोळा. निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले चालक, दोन डॉक्टर, एक किराणा दुकानदार. कोणाला किती कर्ज आहे, कोणी कोणाला किती पैसे दिले, कोणाच्या औषधपाण्यावर वर्षाला किती खर्च होतो. एका बाईंची घटस्फोटाची कागदपत्रं. माणूस सख्ख्या भावाला दाखवणार नाही असे कागद ताईच्या टेबलावर निमूट आणून ठेवतो. आणि ते सगळे त्या एका चपट्या डबीत, उघडे. विंडोजला पासवर्ड होता हो! पण विंडोजचा पासवर्ड म्हणजे वाड्याच्या पुढच्या दाराला कडी. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की मागची भिंतच नाही.

तुम्ही म्हणाल, मग पुसून द्यायची होती. तिथेच तर खरी गंमत आहे.

जुन्या हार्ड डिस्कचं एक बरं होतं. ती पाटीसारखी होती. एका जागी लिहिलेलं असेल तर त्याच जागी दुसरं काहीतरी लिहिलं की पहिलं गेलं. म्हणून आपण सगळे ती 'ओव्हरराइट' करणारी सॉफ्टवेअरं वापरायला शिकलो. एसएसडी पाटीसारखी नाही. एसएसडी सातबाऱ्यासारखी आहे. ज्यांनी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना लगेच कळेल. सातबाऱ्यावरचं जुनं नाव कमी करायचं म्हणजे ते खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात. नवीन नोंद होते, जुनी कंसात जाते, आणि मागचे फेरफार शोधत गेलं की आजोबांच्या चुलत्यांपर्यंतची नावं सापडतात.

एसएसडीत हेच होतं, पण कारण वेगळं. तिच्यातल्या फ्लॅश मेमरीत लिहिणं होतं ते पानापानाने, काही किलोबाइटच्या तुकड्यांनी. पुसणं मात्र होतं ते मोठ्या ठोकळ्यांनी, आणि एका ठोकळ्यात शेकडो पानं असतात. लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. शिवाय प्रत्येक ठोकळा ठराविक वेळाच पुसला जाऊ शकतो, मग तो झिजतो. त्यामुळे आत एक छोटा संगणक बसवलेला असतो, कंट्रोलर. तुम्ही 'या फाइलवर शून्यं लिही' म्हणालात की तो ती शून्यं कुठेतरी दुसऱ्याच कोऱ्या पानावर लिहितो, आपल्या वहीत 'आता ही फाइल तिकडे' अशी नोंद करतो, आणि जुनं पान कंसात टाकून देतो. ते जुनं पान खरोखर कधी पुसलं जाईल ते त्याच्या सवडीवर. हा आमचा तलाठी. त्याचं दप्तर त्याच्याच ताब्यात, आणि आपल्याला तो देतो ती फक्त नक्कल.

त्यात भर म्हणजे डिस्कमध्ये आपल्याला दिसते त्यापेक्षा जास्त जागा असते. २४० जीबी म्हणून विकलेल्या डिस्कच्या पोटात बहुधा त्याहून दहा-पंधरा टक्के जास्त फ्लॅश असते. ती राखीव जागा आपल्याला दिसत नाही, तिथे आपल्याला लिहिता येत नाही, आणि म्हणून तिथलं पुसताही येत नाही. झिजून बाद केलेले ठोकळेही असेच, त्यांच्यावर शेवटचं जे लिहिलं होतं ते पोटात घेऊन पडून राहतात.

हे माझ्या मनचं नाही. २०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एसएसडी फोडून, चिपा थेट वाचून पाहिल्या. हार्ड डिस्कसाठी बनवलेली एकेक फाइल पुसण्याची एकही पद्धत एसएसडीवर भरवशाची ठरली नाही. आख्खी डिस्क दोनदा भरून लिहिली तर बहुतेक वेळा काम झालं, पण नेहमी नाही. डिस्कमध्ये स्वतःला पुसून टाकायची एक अंगभूत आज्ञा असते, ती नीट राबवली असेल तर चालली. पण काही कंपन्यांनी ती नीट राबवलेलीच नव्हती. एका डिस्कने तर 'पुसलं' असं शहाण्यासारखं उत्तर दिलं आणि डेटा सगळाच्या सगळा जागेवर होता! तेव्हापासून डिस्का सुधारल्या असतील. पण तुमच्या हातातली डिस्क सुधारलेल्यांपैकी आहे की नाही हे तिला फोडल्याशिवाय तुम्हाला कसं कळणार?

आणि ताईची डिस्क तर मेलेली होती. मेलेल्या डिस्कला कुठलीही आज्ञा देता येत नाही. पण 'मेलेल्यातून काय निघणार' हे दुकानदाराचं वाक्य अर्धवट आहे. बऱ्याचदा मरतो तो कंट्रोलर, किंवा त्याच्या आतलं फर्मवेअर बिघडतं. लिखाण असतं चिपांमध्ये, आणि त्या शाबूत असतात. कंपनीच्या कारखान्यात ज्या लोकांनी तो कंट्रोलर बनवला, त्यांना तो पुन्हा उठवता येणं काही अशक्य नाही. वॉरंटीची बारीक अक्षरं वाचा. बदली म्हणून मिळणारी डिस्क नवी किंवा 'रिफर्बिश्ड' असू शकते असं त्यात पुष्कळदा लिहिलेलं असतं. ही रिफर्बिश्ड डिस्क आभाळातून पडते का? कोणीतरी परत केलेलीच ती असते.

थोडक्यात, एसएसडी हाती आली त्या दिवशीच ठरवायचं असतं की ती हातातून जाईल तेव्हा काय. नंतर ठरवता येत नाही. या एका कारणासाठी माझं म्हणणं असं की, हार्ड डिस्कपेक्षा एसएसडीला एन्क्रिप्शनची गरज जास्त आहे. आणि आपण लोकांना सांगत आलो नेमकं उलटं.

आता हे उलटं शहाणपण आलं कुठून? अगदीच हवेतून आलेलं नाही, म्हणून त्याची नीट वासलात लावायला हवी.

२०१० च्या आसपास सॅन्डफोर्स नावाच्या कंपनीचे कंट्रोलर बऱ्याच एसएसडींमध्ये असत. त्यांची युक्ती अशी की डेटा लिहिण्याआधी तो दाबून लहान करायचा, म्हणजे कमी लिहावं लागतं, वेग जास्त आणि झीज कमी. एन्क्रिप्ट केलेला डेटा मात्र दाबला जात नाही, कारण त्यात पुनरावृत्तीच उरलेली नसते. तेव्हा त्या डिस्कांवर एन्क्रिप्शन लावलं की खरोखरच त्या मंदावायच्या आणि जास्त झिजायच्या. दुसरं म्हणजे त्या काळातल्या बहुतेक प्रोसेसरांना एन्क्रिप्शनचं गणित जड जात असे. म्हणजे सल्ला त्या दिवसांत, त्या डिस्कांपुरता बरोबर होता. पण डिस्का गेल्या आणि सल्ला राहिला. घरात फ्रीज आल्यावरही आजी दूध रात्री शिंक्याला टांगायची, त्यातली गत!

इंटेलने २०१० पासून प्रोसेसरमध्येच एईएसच्या सूचना घालायला सुरुवात केली. आजचा साधा लॅपटॉपसुद्धा एका सेकंदात गिगाबाइटांच्या हिशोबात एन्क्रिप्शन करतो. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या पुढे जात नाही. म्हणजे डिस्कच मागे पडते, प्रोसेसर तिची वाट बघत बसतो. झिजण्याचं म्हणाल तर एन्क्रिप्ट केल्याने डेटा फुगत नाही. जितका होता तितकाच राहतो. वापरात असलेली डिस्क एन्क्रिप्ट करायची तर ती एकदा पूर्ण लिहिली जाते एवढंच. ५०० जीबीच्या कितीतरी डिस्कांवर ३०० टीबी लिखाणाची हमी असते. एकदा पूर्ण लिहिणं म्हणजे त्याचा सहाशेवा भाग. नवी कोरी डिस्क सुरुवातीलाच एन्क्रिप्ट केली तर तेवढाही नाही.

इथे प्रामाणिकपणे एक कबूल करतो. अतिवेगवान एनव्हीएमई डिस्कांवर फरक पडतो. २०२३ मध्ये टॉम्स हार्डवेअरने विंडोज ११ वर बिटलॉकरची चाचणी घेतली, तेव्हा काही कामांत वेग ४५ टक्क्यांपर्यंत घसरलेला दिसला. हा आकडा तोंडावर फेकणारे मला भेटलेत. मान्य! दिवसभर चार-के व्हिडिओ कापणाऱ्या माणसाने जरूर विचार करावा. पण ताईची एक्सेल शीट सेकंदाच्या कितव्या भागात उघडते यावर कोणाचं काय अडलंय? दीडशे घरांचे कागद एका पारड्यात आणि डोळ्यांना न दिसणारा वेग दुसऱ्या पारड्यात, हा तराजू कोणी हातात धरलाय?

तिसरा आक्षेप 'ट्रिम'चा. ट्रिम म्हणजे 'ही पानं आता रिकामी आहेत' असं डिस्कला कळवणं, म्हणजे ती सवडीने पुसून ठेवते आणि वेग टिकतो. एन्क्रिप्शनवरून ट्रिम जाऊ दिलं तर डिस्क हातात पडलेल्या माणसाला कुठली पानं भरलेली आणि कुठली रिकामी एवढं कळू शकतं. म्हणून लिनक्सच्या डीएम-क्रिप्टमध्ये ट्रिम मुळात बंद ठेवलेलं असतं, तुम्ही सांगितलं तर चालू होतं. या एका मुद्द्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझा साधा प्रश्न. घरात किती खोल्या भरलेल्या आहेत हे बाहेरच्याला कळलं, पण एकाही खोलीत शिरता आलं नाही, तर ताईच्या घटस्फोटवाल्या बाईंचं काय बिघडलं? ज्यांच्या जिवावर बेतलंय अशा पत्रकारांनी, कार्यकर्त्यांनी ट्रिम बंद ठेवावं. बाकीच्यांनी चालू ठेवावं आणि झोपावं. परिपूर्ण कुलूप मिळत नाही म्हणून दार सताड उघडं ठेवायचं हा कुठला न्याय?

आता वळतो दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे. हे म्हणतात, "अहो, आजकालच्या एसएसडी स्वतःच एन्क्रिप्ट करतात. डब्यावर लिहिलेलंच असतं. वेगळं काही करायला नको." हे ऐकायला छान वाटतं, आणि यात थोडं तथ्यही आहे. अनेक डिस्का आतल्या आत सगळं एन्क्रिप्ट करूनच लिहितात. पण त्याची किल्ली त्याच डिस्कमध्ये असते. प्रश्न एवढाच की ती किल्ली तुमच्या पासवर्डशी खरोखर बांधलेली आहे का.

नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हॅन गॅस्टेल या दोघांनी हेच तपासलं आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं. क्रूशियल आणि सॅमसंगच्या तेव्हा भरपूर खपणाऱ्या काही मॉडेलांमध्ये पासवर्डशिवाय डेटा वाचता येत होता. काहींमध्ये पासवर्ड आणि किल्ली यांचा गणिती संबंधच नव्हता. फर्मवेअरमध्ये फक्त एक तपासणी होती, पासवर्ड बरोबर असेल तर उघड, नाहीतर नको. तेवढी तपासणी बदलली की डिस्क हात जोडून उभी! म्हणजे एन्क्रिप्शन उत्तम, एईएस २५६, आणि किल्ली उंबरठ्यावरच्या पायपुसण्याखाली.

याहून वाईट पुढे. विंडोजचं बिटलॉकर त्या वेळी, डिस्कने 'मी स्वतः एन्क्रिप्ट करते' असं सांगितलं की तिच्यावर विश्वास टाकून स्वतः बाजूला बसायचं. म्हणजे ज्यांनी काळजीने बिटलॉकर चालू केलं, त्यांच्यातल्या काहींच्या डिस्का या दोघांना उघडता आल्या असत्या, आणि त्यांना पत्ताही नव्हता. मायक्रोसॉफ्टने आधी सूचना काढली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये धोरण बदललं. डिस्क काही का म्हणेना, नव्याने एन्क्रिप्ट करताना बिटलॉकर आपलं काम आपण करेल. तेव्हा डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. एन्क्रिप्शन ऑपरेटिंग सिस्टिमने करायचं. बिटलॉकर, लिनक्सचं लक्स, व्हेराक्रिप्ट, जे असेल ते. यांतली लक्स आणि व्हेराक्रिप्ट तर बाहेरच्या लोकांना तपासताही येतात. फर्मवेअर म्हणजे तलाठ्याचं कुलूपबंद कपाट.

आणि ते सुप्रसिद्ध वाक्य राहिलंच. "आपल्याला काय लपवायचंय?"

या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कारण ते बोलणारा माणूस 'आपल्याला' म्हणतो आणि दुसऱ्याचं उधळतो. ताईला काहीही लपवायचं नाही. तिला दुसऱ्यांचं जपायचंय. तुमच्या लॅपटॉपमध्ये तरी सगळं तुमचंच आहे का? बायकोचे रिपोर्ट, मुलांचे फोटो, वडिलांच्या पेन्शनचे कागद, सोसायटीच्या सभासदांची यादी, मित्राने रात्री दोन वाजता लिहिलेली मेल... यांच्यापैकी कोणी तुम्हाला ते चव्हाट्यावर मांडायची परवानगी दिली होती?

काही जण याच्याही पुढे जातात. एन्क्रिप्शन वापरणारा म्हणजे काहीतरी काळंबेरं. अशांसाठी सांगतो, आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. सरकारला रीतसर आदेश काढून डेटा उलगडून मागता येतो, आणि मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते कलम चांगलं की वाईट हा वेगळ्या लेखाचा विषय. पण एन्क्रिप्शन केलं म्हणून कोणी कायद्याच्या वर जाऊन बसत नाही. ते केलं जातं दुकानातल्या पोऱ्यापासून, बसमध्ये बॅग पळवणाऱ्यापासून, भंगारातून डिस्का वेचणाऱ्यापासून बचावासाठी. उलट २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की लोकांची माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षेची वाजवी तजवीज केली पाहिजे, आणि त्यातल्या कसुरीला दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत या तजविजीत एन्क्रिप्शनचं नाव घेऊन उल्लेख आहे. साताऱ्यातल्या ताईवर कोणी अडीचशे कोटींचा दंड लावणार नाही हे मलाही कळतं. पण तिच्याकडे येणारे मास्तर दंड लावणार नाहीत, ते नुसते येणं बंद करतील. ती शिक्षा तिला जास्त आहे.

२००६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि डिस्क चोरीला गेली. तिच्यात सुमारे दोन कोटी पासष्ट लाख लोकांची माहिती होती, एन्क्रिप्ट न केलेली. पुढे डिस्क सापडली. कोणी डेटाला हात लावल्याचं दिसत नाही असं तपासात म्हटलं गेलं. तरीही २००९ मध्ये दोन कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवावा लागला. कोणी वाचलं की नाही यावर काहीच अवलंबून नव्हतं. वाचता आलं असतं, एवढ्यानेच नुकसान झालं होतं.

आता विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. किल्ली हरवली तर? तर गेलं. सगळं गेलं. कुठलाही दुकानदार, कुठलाही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही, आणि आणू शकला असता तर ते एन्क्रिप्शनच नव्हतं. म्हणून विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून जे चाललंय त्याचं मला कौतुक करता येत नाही. नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की बहुतेक यंत्रांवर एन्क्रिप्शन आपोआप चालू. किल्ली जाते त्या खात्यात. माणसाला विचारलेलं नसतं, सांगितलेलंही धड नसतं. मग एक दिवस मदरबोर्ड बदलला की निळा पडदा अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो, आणि ज्या खात्यात ती आहे ते दुकानातल्याच पोऱ्याने उघडून दिलेलं असतं, पासवर्ड कोणालाच आठवत नाही. हे एन्क्रिप्शन नव्हे, हा न सांगता दाराला ठोकलेला कोयंडा. किल्ली तुमच्या हातात नसेल तर कुलूपही तुमचं नाही.

पण यावर उपाय कुलूप काढून टाकणं हा नाही. किल्ली कागदावर लिहून लोखंडी कपाटात ठेवणं हा आहे. ज्या देशात लोक सोन्याच्या पावत्या चाळीस वर्षं जपतात, तिथे अठ्ठेचाळीस आकडे जपता येत नाहीत हे मी मानायला तयार नाही.

तर मग करायचं काय? थोडक्यात सांगतो.

डिस्क नवी असेल तर पहिली फाइल टाकायच्या आधी एन्क्रिप्ट करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. उघडं लिहिलेलं एकदा कंसात गेलं की नंतरच्या एन्क्रिप्शनला ते सापडेलच असं नाही. डिस्क जुनी असेल तर आज करा, उशीर झाला तरी. बिटलॉकर विचारतं, 'फक्त वापरलेली जागा की आख्खी डिस्क?' जुन्या डिस्कला आख्खी सांगा. पासवर्ड पहिल्यापासूनच लांब ठेवा. 'आत्ता १२३४ ठेवतो, मग बदलतो' हे एसएसडीवर चालत नाही, कारण बदललेल्या पासवर्डची जुनी नोंदही कुठेतरी कंसात पडून राहू शकते. फिरता लॅपटॉप असेल तर बिटलॉकरला सुरुवातीचा पिन लावा. नुसत्या टीपीएम चिपवर विसंबलेल्या एका जुन्या लॅपटॉपची किल्ली २०२४ मध्ये एकाने रास्पबेरी पाय पिको नावाच्या काडेपेटीपेक्षा लहान बोर्डाने एका मिनिटाच्या आत तारेवरून टिपून दाखवली होती. डिस्क एकटीच बाहेर गेली तर मात्र टीपीएम पुरेसं, कारण किल्ली मागे यंत्रातच राहते. काम संपलं की यंत्र पूर्ण बंद करा. झोपलेल्या यंत्राच्या मेमरीत किल्ली जागी असते, हे प्रिन्स्टनच्या लोकांनी २००८ मध्येच दाखवलंय. आणि बॅकअप घ्या, तोही एन्क्रिप्ट केलेला. घराला कुलूप आणि गोठ्यातून वाट, असं नको.

मग डिस्क मरो, विको, वॉरंटीत जावो. नुसती किल्ली नष्ट केली की आतला सगळा डेटा म्हणजे गोंगाट. अमेरिकेच्या निस्टच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत किल्ली नष्ट करून डेटा नष्ट करण्याची ही पद्धत मान्य केलेली आहे. अर्थात पहिल्यापासून एन्क्रिप्शन असेल तर!

आता ताईच्या डिस्कचं काय झालं ते सांगून संपवतो.

मी तिला म्हटलं, "देऊ नको. चूक माझी आहे, नवीन डिस्कचे पैसे मी देतो." ती म्हणाली, "पैशाचं राहू दे रे. पण मला एक सांग, ह्याआधीच्या लॅपटॉपची डिस्क तू एक्स्चेंजमध्ये द्यायला लावली होतीस ना? ती पण अशीच होती का?"

अशीच होती. सहा-सात वर्षं झाली. ती आज कोणाच्या हातात आहे, की कुठल्या भंगारात आहे, मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. मी तिला खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. ह्या वेळी नीट कर."

पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेलो. नवी डिस्क साडेतीन हजारांना पडली. तिच्यावर आधी एन्क्रिप्शन, मग विंडोज, मग बॅकअपमधल्या फाइली. तिचं काम आधीइतक्याच वेगाने चालतंय, हे मुद्दाम नमूद करतो. अठ्ठेचाळीस आकडे तिने स्वतःच्या अक्षरात दोन कागदांवर लिहिले. एक कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. जुन्या डिस्कची डबी मी अंगणात उघडली. आत बोटाच्या नखाएवढ्या चार काळ्या चिपा होत्या. वरून भोक पाडलं तर एखादी वाचते, म्हणून एकेक करून पाट्यावर ठेवून हातोडीने फोडली. ताई ओट्यावर बसून बघत होती. चौथी फुटल्यावर तिने तुकडे मोजले आणि आत चहा टाकायला गेली.

वॉरंटीची दोन वर्षं शिल्लक होती. ती मात्र वाया गेली.